टॉगल टाकला की आयसी जायचा

इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड मागाच्या डोक्यावर बसतं. त्यात शेकडो हुक असतात आणि प्रत्येक हुकाला एक छोटा विद्युतचुंबक. कुठला उभा धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, हे पूर्वी पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या कार्डांवरून ठरायचं, आता पेनड्राइव्हमधल्या फाइलवरून ठरतं. चुंबकांना २४ व्होल्ट लागतात आणि फाइल वाचणाऱ्या मायक्रोकंट्रोलरला ५. चोवीसाचे पाच करण्याचं काम बोर्डाच्या कोपऱ्यातला स्विचिंग रेग्युलेटर करतो, आतला स्विच सतत उघड-मीट करून. एलएम२५९६ नावाचा पाच पायांचा आयसी, म्हणजे चिप, एक झटपट उघड-मीट होणारा शॉट्की डायोड, एक कॉइल आणि आत-बाहेर एकेक कपॅसिटर, एवढेच भाग. हा कोपरा बिघडला की टॉवेलावरचं डिझाइन बिघडतं, नाहीतर माग उभाच राहतो.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका टॉवेलच्या कारखान्यातून असे बोर्ड पिशवी भरून माझ्या टेबलावर आले. कारखान्याच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. ‘लाइट जाऊन आली की बोर्ड जातोय बघा ताई,’ ते म्हणाले. ‘स्टॅबिलायझर बसवला, अर्थिंग नवीन केलं, तरी जातोयच.’ याआधी दुसऱ्या एका तंत्रज्ञांनी दर वेळी आयसी बदलून दिला होता. बोर्ड काही दिवस चालायचा, मग पुन्हा तेच. काही बोर्डांत रेग्युलेटरबरोबर मायक्रोकंट्रोलरही गेला होता, आणि तो नुसता विकत आणून भागत नाही, आत प्रोग्राम भरलेला लागतो. मागावरच्या कामगाराची मजुरी विणलेल्या नगावर असते. माग उभा राहिला की त्याचा दिवस बुडतो. म्हणून ‘आयसी टाकून देते, घेऊन जा’ असं मला म्हणवेना.

मेलेल्या बोर्डाला मी लगेच सोल्डरिंग गन लावत नाही. आयसी कसा मेला आहे, हे तो बोर्डावर असतानाच मोजून घेते. वीज न देता मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवायचा आणि पायापायांत मोजत जायचं. या आयसीचा पहिला पाय म्हणजे आत येणारे २४ व्होल्ट, दुसरा म्हणजे आतल्या स्विचचं बाहेर पडणारं टोक, तिसरा ग्राउंड, चौथा फीडबॅक, पाचवा चालू-बंदचा. पिशवीतल्या जवळजवळ प्रत्येक बोर्डात पहिला आणि दुसरा पाय एकमेकांना चिकटले होते, म्हणजे आतला स्विच कायमचा शॉर्ट. काहींत शॉट्की डायोडही शॉर्ट होता. कॉइल सगळ्या शाबूत. बाहेरच्या कपॅसिटरचा ईएसआर, म्हणजे त्याचा आतला रोध, ठीक.

स्विच शॉर्ट झाला की २४ व्होल्ट सरळ कॉइलमधून ५ व्होल्टच्या पट्टीवर जातात. मायक्रोकंट्रोलर का जातो याचा उलगडा इथे झाला. पण स्विच का शॉर्ट होतो, हे अजून कळायचं होतं.

मग एकेक संशयित बाजूला काढत गेले. भार जास्त झाला म्हणून? एलएम२५९६ मध्ये प्रवाहाची मर्यादा आणि तापल्यावर स्वतःहून बंद पडण्याची सोय आहे. नुसत्या जास्त भाराने तो थांबतो, थंड झाला की पुन्हा चालतो, असा एका क्षणात जात नाही. फीडबॅकचा ट्रॅक तुटला म्हणून? या ५ व्होल्टच्या आयसीत चौथा पाय सरळ आउटपुटला जोडलेला असतो. तो तुटला तर बाहेरचा व्होल्टेज चोवीसाकडे चढतो आणि पुढचं सगळं जळतं, पण आयसी स्वतः बहुधा शाबूत राहतो. इथे ट्रॅक सगळे अखंड होते. डायोड उघडा पडला तर कॉइलमधल्या प्रवाहाला वाट उरत नाही, दुसरा पाय शून्याच्या बराच खाली ओढला जातो आणि आयसी तात्काळ मरतो. पण इथले डायोड एकतर चांगले होते किंवा शॉर्ट. उघडा एकही नव्हता. शॉट्कीच्या जागी कुणी १एन४००७ टाकतं, तोही बोर्ड मी पुष्कळदा पाहिला आहे. तो डायोड ५० हर्ट्झच्या विजेसाठी आहे. सेकंदाला दीड लाख वेळा उघड-मीट करायला लावलं तर तो तापून करपतो. या बोर्डांवर मात्र शॉट्कीच होते, ३ अँपिअर आणि ४० व्होल्टचे.

या चाळीसाच्या आकड्यावर मी थांबले. डायोडची मर्यादा ४० व्होल्ट. आयसीची कामाची मर्यादाही ४०, आणि ४५ च्या पुढे त्याची हमी संपते. दोघेही सोबत जात असतील तर २४ व्होल्टच्या तारेवर कधीतरी चाळीसच्या वर काहीतरी येत असलं पाहिजे. अण्णांचा रोख बाहेरच्या विजेवर होता. पण २३० चे २४ करणारा एसएमपीएस मागाखालच्या पॅनेलमध्ये आहे. बाहेरून झटका आला असता तर आधी तो गेला असता, आणि तो एकदाही गेलेला नव्हता. दुसरा संशय चुंबकांवर. चुंबक बंद होताना त्याची कॉइल उलटा झटका मारते, तो जिरवायला प्रत्येकाला डायोड असतो. ते डायोड मी तपासले, नीट होते. शिवाय तो दोष असता तर बोर्ड विणताना मेला असता, चालू करताना नाही.

पिशवीत तळाशी एक बोर्ड निराळा निघाला. त्याची तक्रार वेगळी होती: माग चालायचा, पण मधूनच डिझाइनच्या दोन-तीन पिक, म्हणजे आडवे धागे, चुकायच्या आणि बॉर्डर सरकायची. हा बोर्ड कधी दुरुस्तीला उघडलाच गेला नव्हता. त्याच्या इनपुटला आणि आउटपुटला कारखान्यातून आलेले मूळ इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर होते, डोकी किंचित फुगलेली. आउटपुटच्या कपॅसिटरचा ईएसआर एका ओहमच्या आसपास गेला होता. ३३ मायक्रोहेन्रीच्या कॉइलमधून २४ चे ५ करताना, १५० किलोहर्ट्झला, प्रवाहातला चढउतार साधारण ०.८ अँपिअर येतो. तो एका ओहममधून गेला की ५ व्होल्टच्या पट्टीवर ०.८ व्होल्टची लाट उठते. मायक्रोकंट्रोलरला मधूनच वाटतं की वीज गेली, आणि तो पहिल्यापासून सुरू होतो. बॉर्डर सरकते ती इथे.

रिपल, म्हणजे ही लाट, स्कोपवर (व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) मोजताना प्रोबची ती लांब काळी क्लिप वापरू नये, हे मला इथे मुद्दाम सांगायचं आहे. त्या वायरचा फेरा आसपासचा स्विचिंगचा आवाज पकडतो आणि पडद्यावर नसलेले काटे दिसतात. प्रोबच्या टोकाची टोपी काढून, लहान स्प्रिंग ग्राउंडला लावून, थेट कपॅसिटरच्या दोन पायांवर मोजलं आणि स्कोपची २० मेगाहर्ट्झची मर्यादा चालू ठेवली, तरच खरी लाट दिसते. चांगले कपॅसिटर याच फेऱ्यामुळे वाईट ठरवून काढलेले मी पाहिले आहेत.

या न उघडलेल्या बोर्डामुळे बाकीच्यांचा इतिहास कळला. सगळ्यांची सुरुवात इथूनच झालेली होती. १०५ अंशांवर २००० तास असा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. म्हणजे ८५ अंशांवर ८००० तास. माग दोन पाळ्यांत रात्रंदिवस चालतो, तेव्हा ८००० तास म्हणजे वर्षही पुरं नाही. सोलापूरचा उन्हाळा, पत्र्याचं छत, आणि बोर्डावर कापसाच्या तुसाची गोधडी साचून हवा अडलेली. कपॅसिटर सुकणारच. आधीच्या तंत्रज्ञांनी हे बरोबर ओळखलं होतं आणि पुन्हा सुकू नये म्हणून इनपुटला १० मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर टाकले होते. सिरॅमिक सुकत नाही, ईएसआर अगदी कमी, आकार लहान. विचार कुणालाही पटेल असा. पण आयसी मरायला लागले ते त्यानंतरच. अण्णांच्या वहीतल्या तारखा पाहिल्या. एकदा दुरुस्त होऊन आलेलाच बोर्ड पुन्हा मरत होता, मूळ बोर्ड असा एकही मेला नव्हता.

मग कारखान्यात गेले. मागांच्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागतं. ज्या मागावर बोर्ड जात होता, त्यावरचे कामगार मामा तिथे पुष्कळ वर्षं आहेत, घरी तेलुगू आणि कारखान्यात मराठी बोलणारे. मी त्यांना विचारलं, ‘मामा, लाइट जाते तेव्हा तुम्ही काय काय करता, पहिल्यापासून सांगा.’

‘लाइट गेली की खालचं बटण पाडतो,’ मामा म्हणाले. ‘एकदम लाइट आली तर सगळे हुक एकदम नाचतात, धागे तुटतात. लाइट आली की थोडं थांबतो, पॅनेलचा दिवा बघतो, मग बटण टाकतो.’

ते खालचं बटण मी पाहिलं. साधा टॉगल, पॅनेलच्या दाराला. मागे तार शोधत गेले. तो २३० व्होल्टच्या बाजूला नव्हता, एसएमपीएसच्या पुढे, २४ व्होल्टच्या तारेत होता. तिथून तार मागाच्या खांबावरून वर जॅकार्डपर्यंत, चार मीटरच्या आसपास.

बोर्ड लाइट आल्यावर मरत नव्हता, मामांनी टॉगल टाकल्यावर मरत होता. दोन्हींमध्ये मिनिटभराचं अंतर, म्हणून इतके दिवस सगळे विजेला दोष देत होते. एसएमपीएस स्वतः सुरू होताना २४ व्होल्ट काही मिलिसेकंदांत हळूहळू चढवतो, त्याने काही बिघडत नाही. पण मामा बटण टाकेपर्यंत तो पूर्ण २४ वर येऊन उभा असतो. टॉगल मिटला की ते सगळे २४ व्होल्ट एका झटक्यात चार मीटर तारेवर पडतात, आणि तारेच्या टोकाला रिकामा सिरॅमिक कपॅसिटर.

तारेला इंडक्टन्स असतो, मीटरला मायक्रोहेन्रीच्या आसपास. तारेतला प्रवाह कपॅसिटर भरत जातो. कपॅसिटर २४ ला पोचतो तेव्हा तारेतला प्रवाह सर्वांत जोरात असतो, आणि इंडक्टन्स त्याला एकदम थांबू देत नाही. उतारावरून सुटलेली सायकल सपाटीवर थांबत नाही, समोरच्या चढावर जवळजवळ तितकीच वर जाते, तसा कपॅसिटरचा व्होल्टेज २४ च्या वर आणखी जवळजवळ तितकाच चढतो. मध्ये रोध नसेल तर दुपटीपर्यंत, म्हणजे ४८. जुन्या इलेक्ट्रोलिटिकचा ईएसआर हाच तो रोध होता. त्याचा आतला थोडासा दोष हेलकावा जिरवत होता, आणि सिरॅमिकने तोच काढून टाकला. शिवाय अशा सिरॅमिक कपॅसिटरवर २४ व्होल्ट उभे राहिले की त्याच्या १० मायक्रोफॅरडचा मोठा भाग कमी होतो, त्यामुळे हेलकावा आणखी लवकर चढतो.

कागदावर पटलं तरी मला ते पडद्यावर पाहायचं होतं. बॅटरीवर चालणारा हातातला स्कोप नेला होता. मुख्य विजेच्या बाजूला साध्या स्कोपचं ग्राउंड लावणं जिवावर बेतू शकतं, कारण एसएमपीएसच्या आत ३२५ व्होल्टचा कपॅसिटर असतो आणि तो भाग घराच्या विजेपासून वेगळा केलेला नसतो. पण इथे मोजायचे होते ते पुढचे २४ व्होल्ट, वेगळे केलेले. आधी मल्टिमीटरने खात्री केली, मगच क्लिप लावली. जॅकार्डच्या जागी दुरुस्त केलेला एक बोर्ड, प्रोब त्याच्या पहिल्या पायावर, ट्रिगर ३० व्होल्टवर आणि स्कोप सिंगलवर, म्हणजे व्होल्टेज तिशी ओलांडेल तेव्हा तो एकदाच टिपून ठेवेल. मामांना म्हटलं, ‘टाका.’

पडद्यावर एकच डोंगर उभा राहिला. टोक ४४ च्या वर, मग हेलकावे कमी होत २४ वर. पुन्हा टाकायला सांगितलं तर ४६. टॉगलचे आतले पत्रे मिटताना थरथरतात, त्यामुळे दर वेळी उंची वेगळी येत होती. म्हणूनच बोर्ड प्रत्येक वेळी मरत नव्हता, कधीतरी मरत होता. अण्णा शेजारी उभे राहून पाहत होते. ‘म्हणजे बटणच काय की!’ एवढंच ते म्हणाले, आणि मला त्या क्षणी फार समाधान वाटलं. स्टॅबिलायझर आणि अर्थिंगवर त्यांचे पुष्कळ पैसे गेले होते.

उपाय तिथेच करून पाहिला. सिरॅमिक राहू दिला, कारण स्विचिंगचा जलद प्रवाह पुरवायला तो खरंच चांगला आहे. त्याला समांतर १०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक लावला. जिरवणारा कपॅसिटर सिरॅमिकच्या किमान चार-पाच पट असावा आणि त्याचा ईएसआर तार-कपॅसिटरच्या हिशेबाशी जुळावा लागतो. ४ मायक्रोहेन्री आणि उरलेले पाचेक मायक्रोफॅरड धरले तर भागाकाराचं वर्गमूळ एका ओहमच्या थोडं खाली येतं, साध्या इलेक्ट्रोलिटिकचा ईएसआर त्याच्या जवळपास असतो. पुन्हा टॉगल टाकला. टोक तिशीच्या आत. ‘लो ईएसआर’ लिहिलेला महागडा कपॅसिटर इथे मुद्दाम घेतला नाही. आउटपुटला मात्र लो ईएसआरच हवा, तिथे कंजुषी करू नये.

इलेक्ट्रोलिटिक पुन्हा कधीतरी सुकणार हे उघड आहे, म्हणून त्याच्यावर सगळा भरवसा ठेवला नाही. इनपुटला एसएमबीजे२६ए हा टीव्हीएस डायोड दिला. तो २६ व्होल्टपर्यंत गप्प असतो आणि पूर्ण झटक्यातही व्होल्टेज ४२ च्या आसपास अडवतो, आयसीच्या ४५ च्या आत. शॉट्की ४० ऐवजी ६० व्होल्टचा टाकला. आणि मायक्रोकंट्रोलरच्या बाजूला ५ व्होल्टचा टीव्हीएस, इनपुटला लहान फ्यूज. पुढे कधी आयसी शॉर्ट झालाच तर फ्यूज उडावा, प्रोग्राम भरलेला मायक्रोकंट्रोलर वाचावा. ६० व्होल्ट सोसणारा एलएम२५७६एचव्ही टाकता येईल का, याचाही विचार केला. पण तो ५२ किलोहर्ट्झवर चालतो, त्याला कॉइल मोठी लागते, आणि बोर्डावर तेवढी जागा नाही.

वारंवारतेचा हा हिशेब डोक्यात होता म्हणूनच पुढची गोष्ट लक्षात आली. दुरुस्त केलेल्या बोर्डांपैकी काहींवर आयसी विनाकारण गरम होत होता, कॉइलमधून बारीक शिट्टी येत होती. दुसऱ्या पायावर प्रोब लावला. २४ चे ५ करताना तिथे २४ ची उंच पट्टी वेळेच्या पाचव्या भागापुरती दिसायला हवी, आणि असे सेकंदाला दीड लाख फेरे. पट्टीचं प्रमाण बरोबर होतं, पण फेरे पन्नास हजारांच्या आसपास. वर छापलेलं नाव एलएम२५९६, आत काहीतरी वेगळं, संथ चालणारं. असे नकली आयसी स्वस्त बोर्डांवर आणि सुट्या बाजारातही सर्रास येतात. वारंवारता एक तृतीयांश झाली की त्याच ३३ मायक्रोहेन्रीच्या कॉइलमधला चढउतार तिप्पट होतो, ०.८ चा २.४ अँपिअर. दीड अँपिअरच्या भाराला शिखर २.७ पर्यंत जातं, २ अँपिअरची कॉइल तिथे चुंबकीयदृष्ट्या तुडुंब भरते आणि मग प्रवाह आवरत नाही. हा दोष मल्टिमीटरवर कधीच दिसत नाही, आउटपुटला बरोबर ५ व्होल्ट येत असतात. आता आणलेला प्रत्येक आयसी मी आधी टेबलावरच्या चाचणीच्या बोर्डात बसवते, २४ व्होल्ट देते, ५ ओहमचा वायरवाउंड रोध भार म्हणून लावते आणि वारंवारता पाहूनच तो गिऱ्हाइकाच्या बोर्डावर चढवते. त्यात वेळ जातो, जाऊ दे.

खरा इलाज पॅनेलमध्ये होता. टॉगल २४ च्या तारेतून काढून त्या जागी २३० च्या बाजूला छोटा एमसीबी घ्यायचा, म्हणजे मामांनी बटण टाकलं की एसएमपीएस स्वतःच्या गतीने चढेल. साधा टॉगल तिथे चालत नाही, एसएमपीएसचा सुरुवातीचा प्रवाह त्याचे पत्रे जाळतो. एमसीबी हाताशीच हवा असं मामांचं म्हणणं होतं, आणि ते बरोबर आहे. धागे तुटू नयेत म्हणून बटण पाडायची त्यांची सवय मोडायची नव्हती. तो दाराच्या जुन्याच जागी बसवला. मामांना एकच नवं सांगितलं: पाडल्यावर लगेच टाकू नका, थोडं थांबा, आत सुरुवातीचा प्रवाह अडवणारा एनटीसी थंड व्हावा लागतो. ‘थांबतोच की,’ ते म्हणाले, ‘दिवा बघूनच टाकतो.’ मी म्हटलं, ‘दिवा आता बटण टाकल्यावर लागेल, मामा. मनातल्या मनात वीसपर्यंत मोजा.’

त्या मागावर नंतर आयसी गेलेला नाही. बाकीच्या मागांचे टॉगल पाळी बदलताना, माग थांबतो तेवढ्या वेळात एकेक करून हलवतो आहोत.